वायपर नवे, तरी काचेवर पट्टे. आता काय करू?

घाटवाट
गाडी हॅचबॅक, सहा वर्षं जुनी. आठवडाभर ऑफिस आणि अधूनमधून पुण्याहून ताम्हिणीमार्गे चिपळूण. मेअखेरीस दोन्ही वायपर ब्लेड बदलली, ओरिजिनल, बिलासकट. पाऊस लागला आणि परत तेच. ब्लेड पुढे गेलं की मागे एक पांढुरकी, धुरकट पट्टी राहते. ती विरते न विरते तोवर ब्लेड परत आलेलं असतं. दिवसा चालून जातं. रात्री ताम्हिणीत समोरून हाय बीम मारत कुणी आलं की सगळी काच पेटते, रस्त्यावरचा पांढरा पट्टा कुठे नि रस्त्याची कडा कुठे काही कळत नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, काच जुनी झाली, बदला. काच सहा वर्षांत "जुनी" होते का? आणि त्याआधी करण्यासारखं काही आहे का? अनुभवी लोकांनी लिहावं.

चहाबाज
नवीन वायपर घ्या.

घाटवाट
@चहाबाज, प्रतिसादाआधी शीर्षक वाचायची पद्धत बंद झाली का?

चहाबाज
शीर्षकावर पट्टे होते हो, दिसलं नाही.

गॅरेज_सातारा
काच बदलायची घाई करू नका. वायपर नीट पुसत नाही म्हणजे रबर गेलं, असं सगळे धरून चालतात. रबर दरवेळी दोषी नसतं. पट्टा कसा पडतोय ते आधी बघा.

केसासारखी बारीक रेघ दरवेळी त्याच जागी येत असेल तर रबराच्या धारेला चीर पडलीय किंवा तिथे वाळूचा कण अडकलाय. चांगला चार बोटं रुंद भाग पुसलाच जात नसेल तर दाब कमी पडतोय: आर्म वाकलाय, स्प्रिंग ढिली झालीय, नाहीतर ब्लेडचा बाक काचेच्या बाकाशी जुळत नाही. ब्लेड टर्रटर्र करत उड्या मारत जात असेल तर रबर कडक झालंय, नाहीतर काचेवर वॅक्स बसलंय. आणि तुम्ही म्हणता तसं धुरकट शेपूट मागे राहून लगेच विरत असेल, तर काचेवर तेलकट थर आहे. तुम्ही ब्लेडं बदलत राहाल आणि थर तिथेच राहील.

खात्री करायची तर गाडी धुवून घ्या आणि काचेवर मगाने साधं पाणी ओता. स्वच्छ काचेवर पाणी एकसंध चादर होऊन उतरतं. कुठे चादर, कुठे तुटून बेटं झाली असतील तर त्या बेटांवर थर आहे. डिझेलचा धूर, पुढच्या गाडीने उडवलेलं रस्त्यावरचं तेल, वॅक्सवाला शाम्पू, झाडाचा चीक, सगळं तिथे साठतं. नुसत्या पाण्याने ते निघत नाही.

उपाय: भांडी घासायचं लिक्विड पाण्यात घालून मऊ स्पंजने काच दोनदा धुवा आणि भरपूर पाण्याने खळखळून काढा, कारण साबण उरला तर त्याचेही पट्टे येतात. परत पाण्याची चाचणी. बेटं राहिलीच तर सिरियम ऑक्साइड. ऑटो ॲक्सेसरीजच्या दुकानात काचेचं पॉलिश म्हणून मिळतं. पावडर असेल तर पाण्यात ताकाइतकी पातळ करा, ओल्या फेल्ट पॅडने किंवा स्पंजने हातभर जागा घेऊन गोल गोल घासा, वाळू देऊ नका, उन्हात करू नका. कडेच्या रबराला आणि काळ्या प्लॅस्टिकला आधी मास्किंग टेप लावा, नाहीतर पांढरे डाग महिनाभर काढत बसाल. सगळीकडे पाणी चादरीसारखं उतरलं की थांबा.

शेवटी ओल्या फडक्याने रबराची धार एका दिशेने पुसा, फडक्यावर काळं यायचं थांबेपर्यंत. नवीन ब्लेडसुद्धा. तेलकट काचेवर महिनाभर फिरलंय ते, धार आता स्वच्छ थोडीच आहे?

रानवेडी
वाह, पूर्ण शास्त्रशुद्ध. वाचनखूण साठवली.

माझं घरगुती: पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, आणि पुसायला जुनं वर्तमानपत्र. काच लख्ख होते.

धोपटमार्गी
वर्तमानपत्र आतल्या बाजूला ठीक. बाहेरच्या काचेवर धूळ असताना कागद घासाल तर धुळीचेच ओरखडे. आणि हल्लीच्या गुळगुळीत पुरवण्या तर पाणीही शोषत नाहीत, नुसत्या फिरतात.

आमच्या इथे एक मेकॅनिक वायपरच्या रबराला रॉकेल लावायला सांगतो. मऊ होतं म्हणे.

गॅरेज_सातारा
रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल, गंज सोडवायचा स्प्रे, यातलं काहीही रबराला लावू नका. मऊ वाटतं कारण रबर तेल पिऊन फुगतं. मग धार वेडीवाकडी होते, आणि तेच तेल काचेवर पसरतं. आजार विकत घेतल्यासारखं. व्हिनेगर चांगलं, क्षारांच्या पांढऱ्या डागांवर तर फारच. बोअरच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यांना त्याचीच गरज. तेलकट थरावर मात्र साबण आधी.

एसटीपुत्र
माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, कोल्हापूर विभागात. जुन्या गाड्यांचे वायपर चालले तर चालले. गगनबावड्याच्या घाटात मध्येच मान टाकायचे. अशा वेळी कंडक्टरकडची तंबाखू ओली करून कापडाच्या पुरचुंडीत बांधायची आणि समोरच्या काचेवर बाहेरून रगडायची. मग पाण्याचे थेंब धरत नसत, पाणी पसरून सरळ खाली ओघळायचं आणि रस्ता दिसायचा. एका घाटापुरतं पुरायचं, पुढच्या स्टँडवर परत रगडा. ट्रकवाले अजूनही करतात. कुणी कच्चा बटाटा कापून घासतात.

मला लहानपणी ही जादूच वाटायची. विज्ञान काय आहे कुणी सांगेल का?

मिसळ_एक_तर्री_जास्त
मळून लावायची की तशीच? आणि चुना?

चहाबाज
चुना आपण नाही लावायचा. तो सर्व्हिस सेंटरवाले लावतात.

रानवेडी
हहपुवा!

केमिकल_लोचा
@एसटीपुत्र, वडिलांचं बरोबरच होतं. त्रास पाण्याचा नसतो, थेंबांचा असतो. प्रत्येक थेंब हे एक भिंग आहे, समोरचा प्रकाश भलतीकडे वळवतं. पाण्याची सलग पातळ चादर असेल तर तिच्यातून आरपार दिसतं. तेलकट काचेवर पाणी गोळा होऊन थेंब बनतात. ओल्या तंबाखूने किंवा बटाट्याने घासलं की थोडं तेल निघतंही आणि वर पाण्याला धरून ठेवणारा पातळ लेप बसतो. बटाट्यात ते काम स्टार्च करतो. पाऊस तो लेप धुऊन नेतो, म्हणून परत परत.

बाजारात बाटलीतून मिळणारं पाणी झटकणारं कोटिंग याच्या बरोबर उलट काम करतं. ते थेंब इतके गोल करतं की वाऱ्याने ते वर उडून जातात. म्हणजे काच पूर्ण पाणी धरणारी असली तरी चालते, पूर्ण झटकणारी असली तरी चालते. वाईट ती मधली, जिच्यावर कुठे चादर आणि कुठे थेंब. घाटवाट यांची काच तिथे अडकलीय.

द्रुतगती
कोटिंगला माझं मत. एक्सप्रेसवेवर सत्तर-ऐंशीच्या पुढे गेलं की थेंब आपोआप वर पळतात, वायपर जवळपास बंद. लावायला सोपं. काच धुवायची, पुसायची, लावायचं, वाळलं की कोरड्या मायक्रोफायबरने घासायचं. एक पावसाळा आरामात निघतो.

गॅरेज_सातारा
एक्सप्रेसवेवर खरं आहे. तीच गाडी सिंहगड रोडवर पंधराच्या स्पीडने चालवा. वारा नाही, थेंब जागेवर बसून राहतात, रात्री प्रत्येक थेंबात एक हेडलाइट. शिवाय वायपर जिथे फिरतो तिथलं कोटिंग आधी झिजतं, कडेला राहतं, आणि ब्लेड उड्या मारायला लागतं. माझ्याकडे "नवीन वायपर थरथरतो" म्हणून येणाऱ्या गाड्यांत अर्ध्याअधिक कोटिंगवाल्या. लावायचंच असेल तर तेलकट थर काढल्यावर लावा. थरावर लावलं तर ते काचेला धरतच नाही.

द्रुतगती
असहमत, पण पंधराच्या स्पीडचा मुद्दा मान्य. सिंहगड रोडला पंधरा मिळतात हीच बातमी.

अपार्टमेंट_त्रस्त
एक मुद्दा कुणी काढला नाही. सोसायटीत सकाळी गाड्या पुसणारा. एक बादली, एक फडकं, रांगेत वीस गाड्या. ज्या फडक्याने टायर आणि बंपर, त्याच फडक्याने काच. माझ्या काचेवर उन्हात तिरकं बघितलं तर गोल गोल ओरखड्यांचं जाळं दिसतं. वर डॅशबोर्डला चमकायचं सिलिकॉन पॉलिश लावतो, त्याचा हात तसाच काचेला. वायपरला काय दोष देणार?

रानवेडी
महिन्याला तुम्ही त्याला देता किती? वीस गाड्यांना वीस बादल्या पाणी सोसायटी देईल का? उन्हाळ्यात टँकर मागवताना आपणच ओरडतो.

अपार्टमेंट_त्रस्त
ताई, माणसाला दोष नाही, पद्धतीला आहे.

धोपटमार्गी
मी काचेसाठी दोन वेगळ्या रंगाची मायक्रोफायबर फडकी त्याच्याकडे दिली आणि डॅशबोर्डला काही लावू नको म्हणून सांगितलं. प्रश्न मिटला. फडकी धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याचाही तेलकट थर येतो.

वऱ्हाडी_ठेचा
अकोल्यातून. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या घरात. गाडी उघड्यावर असते, वायपर सहा-आठ महिने हलत नाही, रबर तापलेल्या काचेला चिकटून भाजतं. ऊन आणि ओझोन दोन्ही रबराचे वैरी, धार कडक होऊन तडकते. पहिल्या पावसात बटण दाबलं की नुसतं खरवडणं. म्हणून आम्ही उन्हाळाभर वायपर उभे करून ठेवतो. ब्लेड बदलायचं तर जूनच्या तोंडावर बदला. दिवाळीला बदलून काय उपयोग, पुढचा पाऊस येईस्तोवर ते नुसतं उन्हातच बसणार.

अपार्टमेंट_त्रस्त
उभे केल्याने आर्मची स्प्रिंग ढिली होते असं ऐकलंय. शिवाय पार्किंगमध्ये क्रिकेट.

गॅरेज_सातारा
स्प्रिंग ताणलेल्या स्थितीत महिनोन् महिने ठेवली तर थोडा फरक पडू शकतो, पण भाजलेल्या रबरापेक्षा ते बरं. सावली किंवा काचेवरून जाणारं कव्हर मिळत असेल तर तेच करा. एक मात्र लक्षात ठेवा: ब्लेड काढलेला आर्म उभा ठेवून आत जाऊ नका. धक्का लागून तो लोखंडी हूक काचेवर आपटला की काच गेली. ब्लेड बदलताना काचेवर जाड टॉवेल टाका.

कॅलगरीची_स्नेहा
गंमत आहे, इकडेही सगळे वायपर उभे करतात, पण बर्फाच्या आदल्या रात्री! नाहीतर सकाळी रबर काचेला गोठून चिकटतं. तसंच बटण दाबलं की धार फाटते, नाहीतर फ्यूज किंवा मोटर जाते. आधी हीटर काचेवर सोडायचा, खरवडणीने बर्फ काढायचा, मग वायपर. गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतायचं नाही, तडा जातो. वॉशरच्या टाकीत थंडीत उणे ४० चं लिक्विड लागतं. त्यात मिथेनॉल असतं, ते विषारी, मुलांच्या हाताला लागेल असं ठेवत नाही. उन्हाळ्यातलं लिक्विड टाकीत राहिलं तर पाइपातच बर्फ.

रस्त्यावर टाकलेलं मीठ काचेवर उडून पांढरं होतं, त्यामुळे आमचं वॉशर लिक्विड पाण्यासारखं संपतं.

जुनी_जीप
अवांतर: या यंत्राची पहिली कल्पना ट्रामवरून आली. अलाबामाच्या मेरी अँडरसन न्यूयॉर्कला गेल्या होत्या. तिथे हिमवृष्टीत ट्रामचा चालक बाहेरचं दिसावं म्हणून पुढची खिडकी उघडी ठेवून चालवत होता. त्यांनी आतून दांड्याने फिरवायच्या रबरी पट्टीचं पेटंट १९०३ साली घेतलं. एका कंपनीने सांगितलं की याला व्यापारी किंमत नाही. मोटारी रस्तोरस्ती होईपर्यंत पेटंटची मुदत संपली, बाईंना एक पैसा मिळाला नाही. थांबून थांबून चालणाऱ्या वायपरचं श्रेय रॉबर्ट कर्न्सचं, १९६० च्या दशकातलं. तो वर्षानुवर्षं कोर्टात भांडला आणि १९९० मध्ये फोर्डने त्याला एक कोटी डॉलरच्या वर देऊन तडजोड केली.

जुन्या जीपांना इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारे वायपर असत. चढाला ॲक्सिलरेटर दाबला की वायपर मंद! घाटात जिथे गरज, तिथेच तो दमणार.

आंबोलीकर
अरे बाबांनू, आंबोलीत वायपर नवो असूंदे नायतर जुनो, जुलैत पुढचा कायच दिसणा नाय.

आता सगळ्यांसाठी नीट लिहितो. घाटात येणाऱ्या पाहुण्यांची निम्मी तक्रार पट्ट्यांची नसते, वाफेची असते. लोक वायपर जोरात करतात आणि वाफ आतून असते. बोट आतून काचेला लावून ओढा. रेघ स्वच्छ झाली तर वाफ आत आहे. मग एसी चालू, हवा काचेकडे, आणि रिसर्क्युलेशन बंद करून बाहेरची हवा. गाडीत चार ओले लोक, ओल्या छत्र्या नि भिजलेले मॅट असताना तीच हवा फिरवत राहिलात तर काच कधीच साफ होत नाही. थंडी वाजली तर तापमान वाढवा, पण एसी बंद करू नका, हवेतलं पाणी तोच काढतो.

आणि वायपर फिरवल्यावर साफ होऊन लगेच परत धुरकट झालं, तर वाफ बाहेरून आहे. एसी फार थंड केल्याने काच बाहेरच्या दमट हवेपेक्षा गार पडते, माठासारखी पाझरल्यागत ओली होते. तेव्हा काचेवरचा थंड झोत बंद करा, तापमान चढवा. दोन्ही उपाय उलटसुलट आहेत, म्हणून आधी बोट.

एवढं करून धुकं उतरलं तर लो बीम लावा, कडेला सुरक्षित जागा बघून थांबा. चालत्या गाडीत हझार्ड लाइट लावू नका, तुम्ही वळताय का ते मागच्याला कळत नाही.

एसटीपुत्र
हझार्डचं कुणीतरी सांगितलं बुवा एकदाचं. +१००

विमा_काका
काच बदलायची वेळ आलीच तर: काँप्रिहेन्सिव्ह पॉलिसीत काचेच्या भागांना घसारा लागत नाही, झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसलं तरी. सक्तीची वजावट मात्र जाते, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये. आणि क्लेम घेतला की नो क्लेम बोनसवर परिणाम, त्याचं संरक्षण वेगळं घेतलं नसेल तर. काच स्वस्त असेल तर आधी हिशेब करा. आणि झिजली, ओरखडे पडले म्हणून क्लेम मिळत नाही. अपघाताने फुटली-तडकली तरच.

नव्या गाड्यांत आरशामागे कॅमेरा असतो, लेन बघणारा, स्वतः ब्रेक मारणारा. अशा गाडीची काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा नेम परत जुळवणं, करावं लागतं. ते कोटेशनमध्ये धरलंय का, आधीच विचारा.

द्रुतगती
ओरखडे पॉलिशने जातात का?

गॅरेज_सातारा
नखाला न लागणारे पुसट होतात. ब्लेडचं रबर निसटून नुसती पत्र्याची पट्टी फिरल्याने पडलेली कमान नखाला लागते, ती जात नाही. जास्त घासलं तर काचेला तिथे खोलगट लहर येते आणि रस्ता वाकडा दिसतो. ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर असेल तर काच बदलणं बरं.

घाटवाट
सगळ्यांचे आभार, धागा वाया गेला नाही. रविवारी पाण्याची चाचणी केली. काचेच्या वरच्या भागात आणि ड्रायव्हरच्या बाजूला सरळ बेटं. लिक्विडने दोनदा धुतल्यावर निम्मी गेली. मग सिरियम ऑक्साइड आणलं, हाताने घासलं, दुसऱ्या दिवशी खांदा बोलत होता. पाणी आता वरून खालपर्यंत एकसंध उतरतं. काल रात्री पावसात चांदणी चौकापर्यंत जाऊन आलो, धुरकट शेपूट गायब. काच बदलायची नाही हे नक्की.

आता एकच उरलंय. ड्रायव्हरकडचं ब्लेड वर जाताना गुपचूप जातं, खाली येताना टर्रटर्र करतं. आधी होतं का आठवत नाही, बहुतेक त्या धुरकटपणात लक्षच गेलं नसेल.

गॅरेज_सातारा
एकाच दिशेला आवाज म्हणजे कोन. रबराची धार नेहमी ओढल्यासारखी मागे कलली पाहिजे आणि टोकाला जाऊन दुसऱ्या बाजूला उलटली पाहिजे. आर्म पिळलेला असेल तर धार एका फेरीत ओढली जाते आणि दुसऱ्या फेरीत ढकलली जाते. ढकललं की ती अडखळते. ओल्या काचेवर वायपर अर्ध्यात थांबवा, गाडी बंद करा, ब्लेड उचला, आर्मचं टोक काचेला समांतर आहे का बघा. नसेल तर फडकं गुंडाळून दोन पान्यांनी आर्म किंचित पिळा, ब्लेडला जोर न लावता. अगदी थोडं. परत फिरवून बघा. हिंमत होत नसेल तर कुठल्याही जुन्या गॅरेजात पाच मिनिटांचं काम आहे.

घाटवाट
हे मी करणार नाही, तुमच्यासारख्या कुणाकडे नेतो. मागच्या काचेचा वॉशर पण बंद आहे, मोटरचा आवाज येतो पण पाणी नाही. नोझलमध्ये टाचणी घालून झाली.

वऱ्हाडी_ठेचा
उंदीर!

गॅरेज_सातारा
शक्य आहे, बॉनेटखालचा पाइप आधी बघा, उंदीर तिथेच कुरतडतात. तो धड असेल तर मागे जाणारा पाइप छताच्या कापडाच्या वरून डिकीच्या बिजागरीपर्यंत जातो, तिथे जोडावर निसटतो. मागच्या सीटवर उभा हात करून छत चाचपा. ओलं लागलं तर बटण दाबायचं लगेच बंद करा, सगळं पाणी छतात जातंय.